मदत हवी आहे: सर्व्हरवरचं लिब फोल्डर हललं, एकही कमांड चालेना

मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या चादर कारखान्याचा उबुंटू (लिनक्स) सर्व्हर अडकलाय. जागा मोकळी करताना 'यूएसआर'मधलं अख्खं 'लिब' (प्रोग्रामना लागणाऱ्या लायब्ररींचं फोल्डर) त्याच डिस्कवरच्या बॅकअप फोल्डरमध्ये गेलं. आता एलएस (यादी), एमव्ही (हलवणं), सीपी (कॉपी), काहीही टाका, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. कमांडची फाइल जागेवरच आहे, पण तिला लायब्ररी जोडून चालू करणारा लोडर प्रोग्राम लिबमध्ये होता. बॅशच्या (कमांड घेणाऱ्या शेलच्या) आतच असलेल्या सीडी, इको अशा कमांड तेवढ्या चालतात; इकोपुढे स्टार टाकून फायलींची नावं बघतोय.

रूटचं (सर्वाधिकार असलेल्या खात्याचं) एक सेशन उघडं आहे. ते गेलं तर नवीन लॉगिन होणार नाही. डेटाबेस आधीपासून चालू असल्यानं तग धरून आहे, आणि विणकरांच्या मजुरीचा सगळा हिशेब त्यातच.

बॅकअपमधल्या लोडरचा पूर्ण पाथ देऊन, सोबत लायब्ररी पाथ जोडून एमव्ही चालवावं का? की सर्व्हर पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह उबुंटूवरून सुरू करून फोल्डर परत ठेवणं बरं? नेमकी कमांड कुणी लिहून देईल का? शनिवारी पगार वाटायचाय.