पार्टीतल्या आपसातल्या रोलप्लेला एक्सपी द्यायचे की नाही?

विसाचा_फासा
डी अँड डीत (डंजन्स अँड ड्रॅगन्स) आपण पार्टी म्हणजे गट करून, एकेक कॅरेक्टर वठवत खेळतो; एक्सपी म्हणजे त्यात मिळणारे अनुभवाचे गुण, ते साठले की लेव्हल वाढते. परवा इथे एकाने लिहिलं होतं, 'कॅरेक्टरांनी आपसात गप्पा मारल्या तर एक्सपी कशाला? राक्षस मारा, एक्सपी घ्या.' दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या रविवारी रात्रीच्या पहाऱ्यावर आमच्या फायटरने क्लेरिकला (मंत्रांनी जखमा भरणारा पुजारी) विचारलं, "माझा भाऊ मरत होता तेव्हा तुझ्याकडे एकच स्पेल उरला होता. तो माझ्यावर का घातलास?" वीस मिनिटं कुणी फाशाला हात लावला नाही. कपातला चहा गार झाला, त्यावर साय धरली. मग चार गॉब्लिन आले, मेले. त्यांचे प्रत्येकी ५० म्हणजे २०० एक्सपी, आणि त्या वीस मिनिटांचे शून्य? मला हे पटत नाही. मी दोघांनाही एक्सपी दिले.

जुना_ठाणेकर
ते लिहिणारा मीच. बक्षीस लावलं की लोक बक्षिसासाठी बोलतात. आमच्या एका डीएमने (खेळ चालवणारा) इन्स्पिरेशन, म्हणजे चांगल्या रोलप्लेचं बक्षीस, वाटायला सुरुवात केली आणि महिन्याभरात बार्ड (गाणारा कॅरेक्टर) दर दाराशी थांबून बालपणीचं दुःख सांगायला लागला. बाकी तिघं मोबाइल काढून बसायचे. शिवाय ठरवणार डीएम, म्हणजे त्याच्या मित्राची चांदी.

हे जुनंच दुखणं आहे. १९७९ च्या डीएम गाईडमध्ये (डीएमसाठीचं नियमपुस्तक) डी अँड डीच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने प्रत्येकाच्या खेळाला श्रेणी द्यायला सांगितली होती. श्रेणी घसरली की पुढच्या लेव्हलच्या ट्रेनिंगला जास्त आठवडे, जास्त सोनं. शाळेतली प्रगतिपुस्तकं पुरे झाली नाहीत का?

हाफलिंग_पुणे
ठाणेकर, डी अँड डीच्या २०१४ च्या नियमात इन्स्पिरेशन एका वेळी एकच ठेवता येतं, आणि स्वतःचं दुसऱ्या खेळाडूला देताही येतं. तुमच्या बार्डने कधी कुणाला दिलं का? दोष नियमाचा नाही, टेबलाचा आहे.

पण माझं दुखणं वेगळंच आहे. मी आठ महिने टेबलावर गप्प होते, कारण सगळा खेळ इंग्रजीत. दिवसभर ऑफिसात इंग्रजीच बोलते, पण भांडायला, माफी मागायला ती मला पुरत नाही. एकदा माझ्या चोराला पॅलाडिनसमोर (धर्मयोद्धा) कबुली द्यायची होती. दोन वाक्यं अडखळले आणि तोंडातून निघालं, "दादा, अंगठी मीच घेतली." पॅलाडिन क्षणभर थांबला आणि म्हणाला, "माहीत होतं गं. तू कधी सांगतेस याची वाट बघत होतो." त्याआधीच्या आठ महिन्यांत रोलप्लेचे एक्सपी असते तर मला एकही मिळाला नसता.

न्यूजर्सीकर
आमच्या टेबलावर दोन तमिळ, एक तेलुगू आहे. त्यांनी काय करायचं? आणि खरं सांगतो, पॅलाडिन मराठी बोलला की कानाला खटकतं.

हाफलिंग_पुणे
खटकतं? एल्फ इंग्रजी बोलतो ते नाही खटकत? तो काय लंडनला जन्मला? मराठीत 'तू' म्हणायचं की 'तुम्ही' यातच अर्धा रोलप्ले होतो. त्या रात्रीपर्यंत पॅलाडिन मला 'तुम्ही' म्हणायचा. इंग्रजीत आधीही यू, नंतरही यू.

न्यूजर्सीकर
तुमचं टेबल मराठी आहे म्हणून हे शक्य आहे. समोरच्याला कळतच नसेल तर तो रोलप्ले कुणासाठी? 'तू-तुम्ही'चा मुद्दा मात्र खरा आहे, तेवढा मान्य.

विसाचा_फासा
मूळ मुद्द्यावर येऊ. डंजन वर्ल्ड नावाच्या दुसऱ्या रोलप्ले खेळात प्रत्येक कॅरेक्टर दुसऱ्यांशी असलेलं नातं एकेका वाक्यात लिहून ठेवतं. सेशनच्या शेवटी, ते नातं निकाली लागलं असं दोघांनाही वाटलं तर एक्सपी मिळतो आणि नवं वाक्य लिहायचं. डीएमच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही. ठाणेकर, यावर काय म्हणणं आहे?

जुना_ठाणेकर
दोघांनी मिळून ठरवायचं असेल तर मित्राच्या चांदीचा मुद्दा मागे घेतो. तेवढाच. एक्सपी द्यायचेच तर सगळ्या पार्टीला सारखे द्या, नाहीतर कमी बोलणारा लेव्हलमध्ये मागे पडतो आणि पुढच्या लढाईत पहिला तोच मरतो. आमच्याकडे असा एक जण खेळ सोडून गेला, ते मी विसरलेलो नाही.

हाफलिंग_पुणे
हे पहिल्याच उत्तरात लिहिलं असतंत तर मी भांडलेच नसते.

विसाचा_फासा
सारखे वाटायचं मान्य. येत्या रविवारी तसंच करतो. क्लेरिकने अजून उत्तर दिलेलं नाही.