डीएमआर आयडी एक आणि बोलणारे दोन: घोळ निस्तरायला मदत हवी आहे

वायंडिंगवाला (फैजपूर)

राम राम मंडळी. आधीच कबूल करतो, घोळ मीच घातलाय.

फैजपूरला माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. हॅम (हौशी) रेडिओचं व्हीयू३, म्हणजे खालच्या ग्रेडचं लायसन्स मिळून दोन वर्षं होत आली. मी डीएमआर या डिजिटल पद्धतीने बोलतो; त्यात सेट बोलताना आपला आकडी आयडी पाठवतो. माझ्या घरून हँडीवर (हातातल्या सेटवर) एकही रिपीटर (आवाज पुढे पोचवणारं केंद्र) उघडत नाही, म्हणून रास्पबेरी पाय झीरो या छोट्या संगणकावर पाय-स्टार सॉफ्टवेअरचा हॉटस्पॉट (सेटला इंटरनेटशी जोडणारा छोटा रेडिओ) उभा केला, ब्रँडमायस्टर या डीएमआरच्या नेटवर्कला जोडला आणि ४०४ या भारताच्या टॉकग्रुपवर (सगळ्यांच्या गप्पांच्या गटावर) बोलायला लागलो. सगळं सुरळीत होतं.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) मामाच्या गावी जमलो. माझा शहाद्याचा मावसभाऊ माझ्यासारखाच सेट आणि तसाच हॉटस्पॉट घेऊन आला. त्याचं लायसन्स नवंकोरं. "दादा, मलाबी लावून दे ना." खापरावरचे मांडे आणि आमरस हाणून डोळे जड झालेले. मी सरळ माझा कोडप्लग (सेटच्या सगळ्या सेटिंगची फाइल) त्याच्या सेटमध्ये ओतला, पाय-स्टारच्या मेमरी कार्डाची कॉपी मारून दिली आणि सांगितलं, घरी गेल्यावर फक्त वायफाय बदल. त्याचं सुरू झालं, मावशी खूश.

तेव्हापासून माझ्याकडे भुताटकी सुरू आहे. संध्याकाळी पाय-स्टारच्या डॅशबोर्डवर नेटवर्कची जोडणी दाखवणारी डीएमआर नेटची चौकट लाल होते, हिरवी होते, परत लाल. लास्ट हर्डच्या (नुकतं कोण बोललं त्याच्या) यादीत रात्री साडेदहाला मी ४०४ वर बोलताना दिसतो. त्या वेळी मी लाइट आली म्हणून केळीचं ठिबक सुरू करायला शेतात होतो! आणि परवा पुण्याच्या एका ओळखीच्या हॅमचा फोन: "अहो, प्रायव्हेट कॉल देतोय, उत्तर का देत नाही?" माझा सेट समोर चिडीचूप. कॉल वाजला शहाद्याला. मावसभावाने घाबरून पीटीटीच (बोलायचं बटण) दाबला नाही.

तर विचारायचं असं. प्रत्येक सेटला वेगळा आयडी लागतो का? माझ्याकडे हँडीशिवाय पिकअपमध्ये एक मोबाइल सेटही आहे. आयडीच्या मागे ०१, ०२ लावतात असं ऐकलं, मग ०१ मी आणि ०२ मावसभाऊ असं चालेल का? आणि वरच्या जनरल ग्रेडची परीक्षा पास झालोय, व्हीयू२ ने सुरू होणारा कॉलसाइन (रेडिओवरचं नाव) आला की आयडीही नवा घ्यायचा का?

शॉर्टवेव्ह आजोबा

नाही चालणार. आयडी माणसाचा असतो, डब्याचा नाही. तुम्ही दहा सेट घ्या, दहाही सेटमध्ये तोच आकडा घाला. पण दुसरा लायसन्सधारक आला की त्याचा आकडा वेगळा, मग तो मावसभाऊ असो की सख्खा.

आणखी एक. आयडी म्हणजे ओळखपत्र नव्हे. सरकारने तुम्हाला दिलाय तो कॉलसाइन. आयडी देतात ते जगभरचे हौशी स्वयंसेवक. सेटच्या पडद्यावर नाव उमटलं म्हणून कॉलसाइन तोंडाने उच्चारायचं सुटत नाही. हल्लीची पोरं "हॅलो, आवाज येतोय का" म्हणत सुटतात, ऐकून डोकं फिरतं.

तापीकाठ

आजोबा, चहा घ्या आधी :)

वायंडिंगवाला भाऊ, तुमची भुताटकी तीन ठिकाणची आहे, वेगवेगळी धरा.

प्रायव्हेट कॉल शहाद्याला का गेला? तुमचा आयडी शेवटचा ज्या हॉटस्पॉटवरून ऐकू आला, तिकडे ब्रँडमायस्टर कॉल वळवतं. मावसभावाने रात्री एकदा पीटीटी दाबला की नेटवर्कच्या लेखी तुम्ही शहाद्यात. तुम्ही फैजपुरातून बोललात की परत फैजपुरात. नेटवर्कचं काही चुकलेलं नाही, त्याला एकच माणूस माहीत आहे.

चौकट लाल-हिरवी का होते? कार्डाची कॉपी मारली म्हणजे दोन्ही हॉटस्पॉट एकाच आकड्याने आणि एकाच पासवर्डने लॉगिन करतायत. एक आत आला की दुसरा बाहेर ढकलला जातो. ०१, ०२ असतात ते यासाठी. तुमचेच दोन हॉटस्पॉट असले, एक घरी आणि एक दुकानात, तर ७ आकडी आयडीमागे दोन आकडे जोडून त्यांना वेगळं करायचं. माणसं वेगळी करायला ते नाहीत.

तिसरं म्हणजे लास्ट हर्ड. त्यावर इलाज एकच, मावसभावाच्या सेटमधून तुमचा आकडा काढा. सेट कुठला आहे? काही सेटमध्ये आयडींची यादी असते आणि प्रत्येक चॅनलला त्यातला एक निवडलेला असतो. नुसता नवा आयडी यादीत टाकला तर जुने चॅनल जुन्याच आयडीने बोलत राहतात. यात मी स्वतः आठवडाभर फसलो होतो. जुन्याच ओळीतला आकडा खोडून नवा लिहा, सगळे चॅनल आपोआप सुधारतात.

आणि आजच्या आज ब्रँडमायस्टरच्या सेल्फकेअरमध्ये (आपल्या खात्याच्या सेटिंगच्या पानावर) जाऊन हॉटस्पॉटचा पासवर्ड बदला.

वायंडिंगवाला

पासवर्ड बदलला, माझ्या पाय-स्टारमध्येही नवा टाकला. चौकट तासाभरापासून हिरवीगार. शहाद्याहून लगेच फोन, "दादा, माझं बंद पडलं!" त्याला म्हटलं थांब जरा. त्याला आयडी मिळेपर्यंत माझाच वापरू दिला तर? दोन-चार दिवसांचाच प्रश्न आहे.

शॉर्टवेव्ह आजोबा

नको. तोवर ऐकू दे. ऐकूनही माणूस शिकतो.

अँटेनावरची चिमणी

आयडी मिळवायला फार काही लागत नाही. रेडिओआयडी डॉट नेटवर त्याने स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलने खातं काढायचं, लायसन्सचा स्कॅन चढवायचा. पैसे लागत नाहीत. तुमच्या खात्यातून त्याच्यासाठी मागू नका, नाहीतर हाच घोळ परत. व्हीयू२ आलं की नवा आयडी घेऊ नका, नवं लायसन्स दाखवून जुन्याच आकड्यासमोरचा कॉलसाइन बदलून घ्या.

गंमत म्हणून सांगते. आपल्या आयडीची सुरुवात ४०४ ने का? तो भारताचा मोबाइल देश-संकेत आहे. तुमच्या फोनच्या सिममध्ये जो आयएमएसआय क्रमांक असतो, तोही ४०४ किंवा ४०५ नेच सुरू होतो. पहिले तीन आकडे देशाचे, उरलेले तुमचे. रिपीटरचे आयडी ६ आकडी असतात, माणसांचे ७ आकडी.

डीएमआरमध्ये पाठवणाऱ्याच्या पत्त्याला २४ बिट असतात, म्हणजे १,६७,७७,२१५ च्या वर आकडा जाऊच शकत नाही. त्यामुळे ते ९ आकडी प्रकरण फक्त हॉटस्पॉटने इंटरनेटवरून लॉगिन करताना वापरायचं. सेटमध्ये ७ आकडीच. एनएक्सडीएन या दुसऱ्या डिजिटल पद्धतीला तर १६ बिटच, ६५,५३५ ला संपलं, म्हणून त्याचे आयडी वेगळे द्यावे लागतात. डी-स्टार ही तिसरी पद्धत वापरणारे सुखी, त्यांच्यात कॉलसाइनच आयडी.

जाता जाता, हॉटस्पॉटची फ्रिक्वेन्सी काय ठेवलीय? कार्ड कॉपी केलंय म्हणजे दोघांची एकच असणार.

वायंडिंगवाला

४३१ पॉइंट काहीतरी. परदेशी व्हिडिओ बघून लावली होती.

अँटेनावरची चिमणी

अहो! आपल्याला त्या बँडमध्ये ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच आहे. त्यातलं ४३५ च्या वरचं उपग्रहांसाठी मोकळं सोडतात. ४३४ ते ४३५ च्या मध्ये या दोघंही. फैजपूर आणि शहादा एकाच फ्रिक्वेन्सीवर असलात तरी बिघडत नाही, हॉटस्पॉटचा आवाज अंगणापलीकडे जात नाही.

वायंडिंगवाला

अपडेट. फ्रिक्वेन्सी बदलली, दोन्हीकडची. मावसभावाला स्वतःचा आयडी मिळाला. रविवारी शहाद्याला जाऊन त्याचं कार्ड पुसलं आणि पाय-स्टार पहिल्यापासून भरलं. कॉपी नाही, शप्पथ. सेटमधल्या आयडीच्या यादीत एकच ओळ होती, तीच खोडून नवी लिहिली.

मग पॅरटवर (आपलाच आवाज परत ऐकवणाऱ्या सोयीवर) चाचणी. ९९९० लावून तो बोलला, वाट बघितली, काहीच परत येईना. तासभर आम्ही अँटेना बघ, कलर कोड बघ, स्लॉट बघ. शेवटी दिसलं की कॉन्टॅक्टमध्ये ९९९० ग्रुप कॉल म्हणून टाकलाय, तो प्रायव्हेट कॉल हवा. पोपट बोलला नाही, आमचाच पोपट झाला.

घरी परतल्यावर फैजपुरातून त्याच्या नव्या आकड्यावर पहिला प्रायव्हेट कॉल दिला. वाजला, शहाद्यातच वाजला. पडद्यावर माझं नाव दिसत असताना गडी विचारतो, "कोन बोली ऱ्हायना?" म्हटलं, आधी कॉलसाइन सांग, मग विचार.

आजोबा, हे तुमच्यासाठी. ७३, म्हणजे हॅमचा निरोपाचा राम राम.