एडीत बऱ्याच युजरचं डिपार्टमेंट आणि मॅनेजर एकदम कसं बदलायचं?

प्रश्न:
एचआरने एक्सेल शीट पाठवलीय. विभागांची नावं बदललीत, तेव्हा ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (एडी, म्हणजे कंपनीतल्या युजर अकाउंटची मायक्रोसॉफ्टची डिरेक्टरी) डिपार्टमेंट आणि मॅनेजर बदलायचाय. एकेक अकाउंट उघडून बदलत बसायची माझी अजिबात तयारी नाही. पॉवरशेल (विंडोजमध्ये कमांड आणि स्क्रिप्ट चालवायचं साधन) जुजबी येतं. शीटमध्ये नाव आणि ईमेल आहे, मॅनेजरचं तर नुसतं नावच. सुरुवात कुठून करू?

उत्तर:
आधी शीट परत पाठवून एम्प्लॉयी आयडी मागा, मॅनेजरचासुद्धा. नावावर जुळवू नका. एकाच नावाचे दोघं निघाले की भलत्यालाच बढती मिळते. शीट सीएसव्ही (साधी टेक्स्ट फाइल) म्हणून सेव्ह करा, मग पॉवरशेलच्या इम्पोर्ट-सीएसव्ही कमांडने ती वाचा, गेट-एडीयूजरने युजर शोधा, नेमका एकच सापडला तरच सेट-एडीयूजरने बदला. बाकीच्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये काढा, त्या हातानेच बघाव्या लागतात. मॅनेजरच्या फील्डला डिस्प्ले नेम चालत नाही, लॉगिन नाव किंवा डीएन (अकाउंटचा एडीतला पूर्ण पत्ता) द्या.

दुसरं उत्तर:
रिकाम्या सेल सांभाळा. सेट-एडीयूजरच्या रिप्लेस पर्यायाला रिकामी व्हॅल्यू दिली की एरर येते, पुसायचं तर क्लिअर पर्याय वापरा. पण रिकामं म्हणजे 'पुसा' की 'आहे तसं ठेवा', हे एचआरकडून लेखी घ्या. तोंडी नको!

प्रश्नकर्ता:
आयडी मागवलेत. व्हॉटइफ (काही न बदलता काय होईल ते दाखवणारा पर्याय) लावून बघितलं तर पुरेल ना? गडबड झाली तर एडीचा रिसायकल बिन आहेच.

पहिलं उत्तर देणारा:
नाही पुरणार. व्हॉटइफ फक्त कुठल्या युजरवर 'सेट' होणार ते सांगतं, नवी व्हॅल्यू दाखवत नाही. आणि रिसायकल बिन डिलीट झालेलं अकाउंट परत आणतं, बदललेलं डिपार्टमेंट नाही. जुन्या व्हॅल्यू आधी सीएसव्हीत एक्सपोर्ट करा, मग टेस्ट ओयूवर (एडीतल्या चाचणीसाठीच्या अकाउंटच्या गटावर) चालवा.