मूल सांभाळणारी व्यक्ती ऑनलाइन शोधताना: आपले अनुभव लिहा

मूल सांभाळायला माणूस शोधायचे काम पूर्वी शेजारपाजार, नातेवाईक आणि कामावरच्या ओळखी यांच्या भरवशावर चालत असे. आता त्यासाठी संकेतस्थळे आणि अ‍ॅप आहेत. सांभाळणाऱ्या व्यक्ती तिथे आपला अनुभव, मोकळ्या वेळा आणि मोबदल्याची अपेक्षा मांडतात, पालक आपली गरज लिहितात आणि ती सेवा दोघांची गाठ घालून देते. अमेरिकेत सिटरसिटी २००१ मध्ये आणि केअर डॉट कॉम २००६ मध्ये स्थापन झाली, म्हणजे हा व्यवहार आता चांगला वीस वर्षांचा जुना आहे. तरीही त्या पानावर नेमके काय वाचायचे, हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते, असे मला स्वतःच्या अनुभवावरून वाटते.

मुलगी अकरा महिन्यांची असताना मला कामावर परत जायचे होते. एका सेवेवर मला एका ताईंचे प्रोफाइल आवडले. नावापुढे पडताळणीची हिरवी खूण होती, बत्तीस अभिप्राय होते आणि बहुतेक सर्वांनी पाच तारे दिले होते. भेटीत त्या अतिशय आपुलकीने बोलल्या आणि मी निश्चिंत झाले. एकोणिसाव्या दिवशी मी न कळवता दुपारीच घरी परतले, तेव्हा मुलगी बाबागाडीत पट्टा लावून बसवलेली होती आणि तिच्यासमोर उशीला टेकवून मोबाइल लावून ठेवला होता. सकाळी मी जुन्या पाकिटातला शेवटचा डायपर तिला घातला होता आणि नवे पाकीट कपाटावर काढून ठेवले होते. ते पाकीट तसेच बंद होते.

त्या ताईंना मी त्याच दिवशी थांबवले आणि सेवेला पत्र लिहिले. उत्तर सभ्य भाषेत आले. हिरवी खूण म्हणजे फोन क्रमांक आणि ओळखपत्र जुळले एवढेच. गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी ही वेगळी, शुल्क भरून मागवायची सोय होती आणि ती मी मागवली नव्हती. मागवली असती तरी मला मुलीच्या दुपारबद्दल काहीच कळले नसते, कारण कधीही पोलिसांपर्यंत न गेलेला निष्काळजीपणा कोणत्याही नोंदीत सापडत नाही. मग मी ते बत्तीस अभिप्राय पुन्हा सावकाश वाचले. जवळजवळ सगळे संध्याकाळच्या दोन-तीन तासांचे होते आणि मुले सहा-सात वर्षांची, स्वतःच्या हाताने जेवणारी होती. अभिप्राय खोटे नव्हते, पण माझ्या कामाच्या प्रश्नाचे उत्तर त्यात कुठेच नव्हते.

आपण काय विचारले, काय तपासले आणि कशाचा उपयोग झाला, ते कृपया सविस्तर लिहावे. सेवेचे किंवा व्यक्तीचे नाव लिहू नये.

जुळ्या मुलांची आई

मी संदर्भासाठी दिलेल्या प्रत्येक क्रमांकावर फोन करते आणि ‘त्या कशा आहेत’ हा प्रश्न मुद्दाम टाळते, कारण त्याला सगळे ‘छान’ असेच उत्तर देतात. मी दिवसाचा क्रम विचारते: त्या किती वाजता येत, मूल झोपून उठले की आधी काय करत, मूल हट्टाला पेटले की त्या काय करत. ज्यांच्या घरी खरोखर कोणी वर्षभर राबले आहे, त्यांना हे आठवावे लागत नाही. एकदा पलीकडच्या बाईंना मी सहज विचारले की तुमचे बाळ तेव्हा किती महिन्यांचे होते, तर त्या गप्प झाल्या, मग आठ म्हणाल्या आणि लगेच चौदा म्हणाल्या. नंतर कळले की त्या उमेदवाराच्या मैत्रीण होत्या. शेवटी मी नेहमी विचारते, ‘पुन्हा गरज पडली तर यांनाच बोलवाल का?’ उत्तरापूर्वी एक क्षण थांबणारी माणसे मला पुष्कळ काही सांगून गेली आहेत.

नऊ वर्षे मुले सांभाळणारी

पालकांच्या अनुभवांमध्ये आमची बाजूही असावी म्हणून लिहीत आहे. बऱ्याच ठिकाणी प्रोफाइल वर दिसावे यासाठी पैसे आम्हीच भरतो, आणि निरोपाला काही तासांत उत्तर गेले नाही तर नाव यादीत खाली जाते. आता कडेवर मूल असताना मी फोन पाहत बसावे, अशी कोणत्या पालकाची इच्छा असेल? जाहिरातीत ‘एक मूल, हलके काम’ असते आणि पहिल्या दिवशी कळते की दुसरे मूल दुपारी शाळेतून येते, शिवाय घरातल्या सगळ्यांचे कपडे आणि भांडी आहेत.

फसवणूकही होते आणि ती बहुतेक एकाच पद्धतीने होते. एक कुटुंब लिहिते की आम्ही पुढच्या महिन्यात तुमच्या गावी राहायला येत आहोत, तुमचे प्रोफाइल आवडले, आगाऊ मोबदल्याचा धनादेश पाठवतो. त्यातून बाळाचे सामान पोहोचवणाऱ्याला अमुक रक्कम द्या आणि उरलेली तुमची. आपण स्वतःच्या खात्यातून पैसे देतो आणि काही दिवसांनी धनादेश वटत नाही. माझ्या एका मैत्रिणीची दोन महिन्यांची कमाई अशी गेली. प्रत्यक्ष भेटीपूर्वी जो पैसे पाठवतो, त्याच्याशी मी पुढे बोलत नाही.

कामाचे आणि कमाईचे आकडेही तपासून पाहावेत. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने केअर डॉट कॉमवर आरोप ठेवला की उपलब्ध कामांची संख्या आणि मिळू शकणारा मोबदला कंपनीने फुगवून सांगितला, शिवाय वर्गणी रद्द करणे अवघड करून ठेवले. ते प्रकरण ८५ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटले. मी स्वतः मात्र या सेवांमुळेच चांगली घरे मिळवली आहेत, आणि आता पहिल्या भेटीतच कामांची यादी, सुट्ट्या आणि उशिरा परतल्यास जादा तासांचा हिशेब कागदावर लिहून घेते. असे लिहून द्यायला जे कुरकुर करत नाहीत, त्यांच्याकडे मी वर्षानुवर्षे टिकले आहे.

फिट येणाऱ्या मुलाचे वडील

आमच्या शोधात ‘विशेष गरजा असलेल्या मुलांचा अनुभव’ असा एक चौकोन होता आणि तो निवडल्यावर यादी बरीच लहान झाली, तेव्हा आम्हाला हायसे वाटले. मग लक्षात आले की तो चौकोन उमेदवारांनी स्वतःच भरलेला असतो आणि त्यात स्वमग्नतेपासून ऐकू कमी येण्यापर्यंत सगळे एकत्र असते. आम्ही प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: समोर फिट आली तर काय कराल? अनुभव असल्याचे लिहिणाऱ्या एका बाई म्हणाल्या की दातांमध्ये चमचा घालून हातपाय घट्ट धरून ठेवेन. या दोन्ही गोष्टींनी इजा होते.

अखेर ज्यांना ठेवले, त्यांचा चौकोन रिकामा होता. त्या म्हणाल्या, ‘मला माहीत नाही, तुम्ही दाखवा, मी लिहून घेते.’ त्यांनी वहीत लिहिले: कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचे, तोंडात काही घालायचे नाही, घड्याळ पाहायचे, पाच मिनिटांच्या वर गेले तर रुग्णवाहिका. मग त्यांनी विचारले की या खोलीत घड्याळ का नाही. ते घड्याळ आम्ही त्याच संध्याकाळी लावले. गेल्या दीड वर्षात त्यांनी दोनदा एकट्याने प्रसंग सांभाळला आणि दोन्ही वेळा किती मिनिटे व सेकंद लागले, ते आम्हाला लिहून दिले.

पाळणाघर चालवणारी

माझ्या पाळणाघराची नोंद एका सेवेवर आहे, हे मला एका पालकांच्या फोनमुळे कळले. ती नोंद मी केलेली नव्हती. कुठल्या तरी सार्वजनिक यादीतून ती तयार झाली असावी, कारण पत्ता जुना होता आणि मी घेत नाही त्या वयाची बाळेही घेते असे त्यावर लिहिले होते. २०१९ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने केअर डॉट कॉमच्या पडताळणीतील उणिवा छापल्या, तेव्हा त्या कंपनीने पाळणाघरांच्या हजारो न तपासलेल्या नोंदी काढून टाकल्या होत्या. पालकांना माझी एवढीच विनंती आहे की पाळणाघराचा परवाना आणि तपासणीचे अहवाल हे परवाना देणाऱ्या कार्यालयाकडूनच पाहावेत, आणि भेट ठरवून एकदा व न ठरवता एकदा अशी दोनदा द्यावी.

रात्रपाळीची नर्स

मला संध्याकाळी साडेसहाला निरोप येतो की आज येऊ शकत नाही, आणि साताला माझी पाळी सुरू होते. सेवा लगेच दुसरे नाव सुचवते, पण झोपलेल्या मुलाजवळ अनोळखी माणूस बसवून मी निघू शकत नाही. म्हणून आता मी दोन जणींना कामावर ठेवले आहे. दुसरीला महिन्यातून दोन दुपारी मी घरी असतानाच बोलावते, मोबदला पूर्ण देते आणि मुलाची तिच्याशी ओळख टिकवते.

धागाकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. जुळ्यांच्या आईंचे प्रश्न मी तसेच्या तसे वापरले. आमच्याकडे आता एक मावशी येतात. पहिले चार दिवस त्यांना पूर्ण मोबदला देऊन मी घरीच थांबले, दोन दिवस सोबत आणि दोन दिवस शेजारच्या खोलीत. सेवेची वर्गणी आपोआप पुढे चालू राहणार होती, ती ज्या दिवशी माणूस मिळाला त्याच दिवशी रद्द केली आणि रद्द झाल्याचा निरोप जपून ठेवला.

एक काम राहिले होते, तेही काल केले. आधीच्या ताईंबद्दल मी रागावून काही लिहिले नव्हते आणि मग संकोचाने गप्पच बसले होते. काल मी त्यांच्या प्रोफाइलवर तेहेतिसावा अभिप्राय लिहिला. त्याचे पहिले वाक्य असे आहे: ‘अकरा महिन्यांचे एक मूल, दिवसाचे आठ तास, एकूण एकोणीस दिवस.’