मदत हवी आहे : जुन्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनाचे कोणते भाग बदलावेत?

आमच्या विहिरीवरील ६ अश्वशक्तीचे, मिनिटाला ६५० फेरे घेणारे, लिस्टर पद्धतीचे (लिस्टर या इंग्लिश कंपनीच्या रचनेवर बनवलेले) डिझेल इंजिन हल्ली थंड असताना सहज सुरू होत नाही आणि निळसर धूर सोडते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) उतरल्याचे हँडल फिरवतानाच कळते. मेकॅनिक लायनर (सिलिंडरमधील बदलता येणारी नळी), पिस्टन, रिंगा व बेअरिंगे असा पूर्ण संच बदलण्यास सांगत आहेत; मला मात्र आधी व्हॉल्व्ह घासून बसवावेत, लायनरची झीज पिस्टनची वरची रिंग जिथून मागे वळते त्या जागी मोजावी आणि ती मर्यादेत असल्यास केवळ रिंगा बदलाव्यात असे वाटते, कारण मूळचा लायनर नव्यापेक्षा सरस असावा (हा माझा पूर्वग्रहही असेल). क्रँकशाफ्टचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मोजल्यावर गोल भरल्यास बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकशाफ्टकडील टोकाचे) तसेच ठेवावे काय, आणि डिझेल फवारणारे नॉझल बदलण्यापूर्वी त्याचा फवारा तपासणे पुरेसे ठरेल काय, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.