वेगवेगळ्या तयारीचे चालक, एकच स्पिती : गटाच्या आखणीचे अनुभव

महाराष्ट्रातून दरवर्षी जून ते सप्टेंबरच्या दरम्यान अनेक गट मोटारसायकलींवर हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात जातात आणि त्या गटांतले सगळे चालक बहुधा एका तयारीचे नसतात. कोणी सह्याद्रीतल्या मातीच्या वाटांवर वर्षानुवर्षे गाडी चालवत आलेला असतो, कोणाची गाडी आजवर डांबरावरून खाली उतरलेली नसते आणि कोणी हौसेने आलेले असते, पण गोट्यांच्या चढावर गाडी बंद पडली तर ती पुन्हा कशी सोडायची हे त्यांना कोणी कधी दाखवलेले नसते. अशा गटाची आखणी ज्यांनी केली आहे किंवा अशा गटातून जे गेले आहेत, त्यांचे अनुभव या धाग्यात मागवले आहेत. गाडी कोणती घ्यावी यावर भरपूर लिहिले गेले आहे. इथे प्रश्न माणसांचा आहे. माझे मत आधीच नोंदवतो. ‘मला हे जमणार नाही’ असे म्हणण्याची सोय कमी तयारीच्या चालकासाठी आराखड्यातच असली पाहिजे, आणि ती घर सोडण्याआधी ठरलेली असली पाहिजे. चार हजार मीटरवर, थंडीत, बाकीचे इंजिन चालू ठेवून वाट पाहत असताना हे वाक्य सहसा कोणाच्या तोंडून निघत नाही.

पुणे, गटाची आखणी करणारा

माझ्या दृष्टीने पहिला निर्णय दिशेचा असतो. मिश्र तयारीचा गट असेल तर शिमल्याकडून आत शिरावे आणि मनालीकडे बाहेर पडावे, हे मी आग्रहाने सांगतो. किन्नौरमधून जाताना नारकंडा, कल्पा, नाको किंवा ताबो असे मुक्काम करत उंची हळूहळू वाढते, आणि रस्ताही हळूहळूच बिघडत जातो. आधी डांबर, मग कड्यात कोरलेला अरुंद रस्ता, मध्येच दरड कोसळून खडी पसरलेला तुकडा, असे करत नवख्या चालकाचा हात बसतो. मनालीकडून सुरुवात केली तर अटल बोगद्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात ग्रांफूचा फाटा लागतो आणि सहलीतला सर्वांत अवघड भाग पहिल्याच दिवशी, न सरावलेल्या शरीराने करावा लागतो. शिवाय त्याच दिवशी साडेचार हजार मीटरहून उंच असलेला कुंझुम घाट ओलांडायचा असतो.

दुसरा निर्णय टप्प्यांचा. कुंझुमच्या अलीकडचे स्पितीतले गाव लोसर ते ग्रांफू हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. नकाशावर ते सकाळचे काम वाटते, पण नवख्या चालकांसह त्याला अख्खा दिवस द्यावा लागतो. म्हणून दिवसाचा टप्पा मी गटातल्या सर्वांत संथ चालकाच्या वेगावरून ठरवतो आणि तो वेग आधीच्या सरावफेरीत घड्याळ लावून पाहिलेला असतो. स्वतःच्या कौशल्याबद्दल माणूस तोंडी जे सांगतो त्यावर मी आखणी करत नाही. सरावफेरीत चारच गोष्टी पाहतो : मातीच्या रस्त्यावर फूटपेगवर उभे राहून गाडी चालवता येते का, सैल खडीच्या चढावर थांबून पुन्हा निघता येते का, अगदी हळू वेगात आठाच्या आकारात गाडी वळते का, आणि आडवी झालेली स्वतःची गाडी उचलता येते का.

गट मोठा असेल तर पाच-सहा गाड्यांच्या तुकड्या करतो. सर्वांच्या पुढे वाट दाखवणारा लीड, सर्वांच्या मागे कोणी मागे राहू नये हे पाहणारा स्वीप. प्रत्येक फाट्यावर लीडच्या मागचा चालक थांबतो, येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवतो आणि स्वीप आल्यावर त्याच्या पुढे निघतो. पुढच्या फाट्यावर हे काम आपोआप दुसऱ्याकडे जाते. या पद्धतीचा मोठा फायदा असा, की कोणालाही पुढच्याला गाठण्यासाठी आपल्या आवाक्याबाहेर पळावे लागत नाही. सरळ रस्त्यावर नियम एवढाच, की मागच्या गाडीचा दिवा आरशात दिसेनासा झाला की थांबायचे.

अनुभवी चालकांची खुमखुमीही आराखड्यात धरावी लागते, नाहीतर ती गटाला ओढते. त्यासाठी स्पितीतले मुख्य गाव असलेल्या काझाला किमान दोन रात्री ठेवाव्यात. ज्यांना हवे त्यांनी लांगझा, हिक्कीम, कॉमिक किंवा पिन खोऱ्यातल्या मूदपर्यंत मनसोक्त गाडी चालवून यावे. बाकीच्यांनी विश्रांती घ्यावी, मठ पाहावा आणि गाड्यांचे नट-बोल्ट आवळून घ्यावेत. याशिवाय एक पूर्ण दिवस मोकळा हवाच. जुलै २०२३ मध्ये अवेळी झालेल्या बर्फवृष्टीमुळे चंद्रताल तलावाजवळच्या तंबूंत शेकडो पर्यटक काही दिवस अडकले होते आणि त्यांना प्रशासनाने बाहेर काढले. ज्यांचे परतीचे विमान दुसऱ्या दिवशीचे असते, ते अशा वेळी घाईने चुकीचे निर्णय घेतात. पेट्रोलचे गणितही यातच बसवावे. रेकाँग पिओच्या खाली पोवारीला टाकी भरली की पुढचा भरवशाचा पंप सुमारे २०० किलोमीटरवर काझाला, आणि काझाहून मनालीपर्यंत जवळपास तेवढेच अंतर बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काटायचे असते.

नाशिक, पहिल्यांदाच गेलेली चालक

वर पुण्याच्या दादांनी ज्या सरावफेरीबद्दल लिहिले आहे, तिच्यामुळेच मी या सहलीत होते. माझी उंची बेताची असल्यामुळे सव्वाआठशे मिलिमीटर उंचीच्या सीटवर माझे दोन्ही पाय एकदम जमिनीला टेकत नाहीत. सुमारे १९६ किलोची हिमालयन ४५० घेण्याऐवजी मी सुमारे १५८ किलोची एक्सपल्स घेतली. तिची सीटही जवळपास तेवढीच उंच आहे, पण गाडी कलली तर सावरता येते, आणि नवख्या चालकासाठी हा फरक मोठा असतो.

आमच्या गटात एक खूण ठरलेली होती. नाल्याजवळ आल्यावर ज्याने डावा हात वर केला, त्याची गाडी दुसरा कोणीतरी पलीकडे नेणार, आणि त्यावर त्या वेळी किंवा नंतर कोणीही चकार शब्द काढणार नाही. ही खूण पुण्यातल्या बैठकीत ठरली होती आणि पहिल्यांदा ती करून दाखवली ती आमच्यातल्या एका मुरलेल्या चालकाने, किन्नौरमधल्या एका अगदी साध्या ओढ्यावर. त्यांना गरज नव्हती. पण त्यानंतर आम्हा नवख्यांना हात वर करताना कधी कमीपणा वाटला नाही.

कुंझुम उतरल्यावर लागणाऱ्या बातलच्या पुढच्या एका नाल्यावर मी हात वर केला. पाणी राखाडी होते, त्यामुळे तळ दिसत नव्हता. आमच्या लीडने गाडी मागे लावली, काठी घेतली आणि आधी स्वतः चालत नाला ओलांडला. काठी टेकवून त्यांनी कुठे मोठा गोटा आहे, कुठे पाय बुडतो हे पाहिले आणि परत येऊन आम्हाला वाट दाखवली : त्या काळ्या दगडाच्या वरच्या अंगाने शिरायचे आणि नजर पलीकडच्या काठावरच ठेवायची, पाण्याकडे पाहायचे नाही. माझी गाडी त्यांनी पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा धरून, एका लयीत पलीकडे नेली. मदतीला उभे असलेले दोघे गाडीच्या वरच्या बाजूला, म्हणजे पाणी जिकडून येते तिकडे होते. खालच्या बाजूला उभे राहिले आणि प्रवाहाने गाडी ढकलली, तर माणूस तिच्याखाली सापडतो, हे मला तिथे समजले. पुढचा नाला लहान होता. तो मी स्वतः ओलांडला, आणि तेव्हाही ते दोघे त्याच जागी उभे होते.

ही वेळ सकाळची होती, हेही सांगितले पाहिजे. ऊन चढले की वरचे बर्फ वितळते आणि सकाळी घोट्यापर्यंत असलेले पाणी दुपारनंतर गुडघ्यापर्यंत येऊ शकते. म्हणून नवख्यांच्या गटाने पहाटे निघणे ही शिस्तीपेक्षाही सुरक्षिततेची गोष्ट आहे.

कोल्हापूर, स्वीप आणि दुरुस्तीचे काम पाहणारा

शक्यतो गटात दोनच प्रकारच्या गाड्या असाव्यात, म्हणजे क्लच केबल, लिव्हर, ट्यूब आणि ब्रेक पॅड यांचे सुटे भाग एकमेकांना चालतात. सामान सॅडल बॅगमध्ये, खाली आणि दोन्ही बाजूंना सारखे बांधावे. मागच्या सीटवर उंच रचलेली बॅग नवख्या चालकाला प्रत्येक वळणावर त्रास देते. खडी सुरू होण्याआधी टायरमधली हवा मी थोडी कमी करायला लावतो, पण इतकीही नाही की दगडावर आपटून ट्यूब चिमटेल. डांबर लागले की हवा पुन्हा भरायची, त्यामुळे पंप प्रत्येक तुकडीकडे हवाच.

गाडी उचलायला घरीच शिकावे. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढावा आणि गाडी गिअरमध्ये टाकावी. मग गाडीकडे पाठ करून, कमरेचा आधार सीटला देऊन, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची पकड धरून पायांच्या जोराने लहान पावले टाकत मागे सरकावे. उंचीवर दम लवकर लागतो, म्हणून तिथे एकट्याने उचलण्याचा हट्ट धरू नये. पाण्यात गाडी आडवी झाली तर सर्वांत आधी किल स्विच (इंजिन बंद करणारे बटण) दाबायचा, आणि त्यानंतर स्टार्टरला कोणी हात लावायचा नाही. स्पार्क प्लग काढून, इंजिन फिरवून आतले पाणी बाहेर काढल्याशिवाय गाडी चालू करण्याचा प्रयत्न केला तर इंजिनाचे मोठे नुकसान होऊ शकते. ही सूचना मी दररोज सकाळी निघताना पुन्हा सांगतो, कारण भांबावलेल्या माणसाचा अंगठा सवयीने स्टार्टरवरच जातो.

रत्नागिरी, डॉक्टर आणि चालक

उंचीचा त्रास गाडी चालवण्याचे कौशल्य पाहून होत नाही. गटातला सर्वांत तरबेज चालकच आजारी पडू शकतो, आणि तो लीड असेल तर सगळी आखणी कोलमडते. म्हणून लीडचे काम करू शकणारा दुसरा माणूस आधीच ठरलेला असावा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि अधूनमधून विश्रांतीचा दिवस असावा, हे सर्वमान्य सूत्र आहे. उंचीच्या त्रासावरचे डायमॉक्स हे औषध घ्यायचे की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, कारण सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना ते चालेलच असे नाही. डोके दुखणे, मळमळ आणि झोप न लागणे ही सुरुवातीची लक्षणे असतात. चालताना तोल जाऊ लागला, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर त्याला लगेच खाली न्यावे. अशा माणसाने स्वतः गाडी चालवायची नाही.

ठाणे, सोबतच्या गाडीतून गेलेली

डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहिते. ‘सोबत गाडी आहे’ एवढ्याने काम होत नाही. त्या गाडीत एक जागा कायम रिकामी असली पाहिजे, आणि चालक आत बसला तर त्याची मोटारसायकल कोण आणणार हेही ठरलेले असले पाहिजे. आम्ही मागे मोकळा हौदा असलेली पिकअप घेतली होती, त्यामुळे गाडीही त्यात चढवता येत होती आणि माझे यजमान एक दिवस माझ्या शेजारी बसून आले. पिकअपचा चालक स्थानिक होता, आणि कोणत्या नाल्यावर थांबायचे याबाबत आम्ही त्याचा शब्द अखेरचा मानला.

नेदरलँड्स, मूळचा सांगलीचा

गटात परदेशी पारपत्र असलेले कोणी असेल, तर किन्नौरमधून स्पितीकडे जाताना त्यांना सीमेलगतच्या भागातून जाण्यासाठीचा इनर लाइन परवाना लागतो. तो रेकाँग पिओला काढता येतो, पण कार्यालय सुट्टीच्या दिवशी बंद असते. म्हणून तिथला मुक्काम वाराप्रमाणे आखा, नाहीतर एका माणसासाठी गट थांबतो आणि राखून ठेवलेला मोकळा दिवस तिथेच खर्ची पडतो.

नागपूर, काझाहून मागे फिरलेला

आमच्या आराखड्यात काझाची शेवटची संध्याकाळ निर्णयासाठी राखून ठेवली होती. तोवर प्रत्येकाला किन्नौरचा अनुभव आलेला असतो, कुंझुमकडचा रस्ता कसा आहे हे पलीकडून आलेल्या वाहनचालकांकडून कळलेले असते आणि शरीर उंचीला कसे सामोरे जात आहे हेही लक्षात आलेले असते. त्या संध्याकाळी दोनच पर्याय होते : कुंझुम ओलांडून मनाली, किंवा आल्या वाटेने परत शिमला. प्रत्येकाने आपला पर्याय चिठ्ठीवर लिहून दिला, म्हणजे आधी कोण बोलले याचा दबाव दुसऱ्यावर येऊ नये.

आम्ही काही जण परत फिरलो. माझ्या मनगटाला ताबोजवळ मार बसला होता आणि सलग दिवसभर गोट्यांवर हँडल धरवणार नव्हते. आमच्यासोबत एक अनुभवी चालक परत येणार हे पुण्यातच ठरले होते, आणि ज्यांनी ती जबाबदारी घेतली होती त्यांनी त्या दिवशी कुरकुर न करता पंक्चरचे सामान आणि औषधांची पेटी दोन भागांत वाटली. लोसरच्या पुढे मोबाईलवर विसंबून राहता येत नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत मनालीच्या तुकडीचा निरोप आला नाही तर आम्ही कोणाला कळवायचे, हेही क्रमांकासह लिहून घेतले होते.

भाड्याने गाडी घेणाऱ्यांसाठी यात एक व्यावहारिक अट येते. आम्ही गाड्या चंदीगडहून घेतल्या होत्या, कारण शिमला आणि मनाली या दोन्ही वाटा तिथे सहज येऊन मिळतात. गाडी मनालीतच परत करण्याचा करार असता, तर काझाच्या त्या चिठ्ठीवर माझ्यासाठी दुसरा पर्याय उरलाच नसता.