मदत हवी आहे: ओपीडीत स्क्राइब म्हणून बसते, तपासणीच्या रकान्यात नक्की काय लिहायचं?

कुडाळची पोर
नमस्कार मंडळी. बीएस्सी झालेय, आणि सध्या इथल्याच एका फिजिशियन सरांकडे स्क्राइब म्हणून बसते. पेशंट बोलतो, सर तपासतात, मी संगणकावर केसपेपर भरते, सर वाचून सही करतात. टायपिंगची अडचण नाही, मालवणीची तर नाहीच. सोप नोटचे चार भागही पाठ झालेत: पेशंट सांगतो ते सब्जेक्टिव्ह, तपासून-मोजून कळतं ते ऑब्जेक्टिव्ह, मग सरांचं निदान आणि पुढे काय करायचं ते. घोडं अडतं ते ऑब्जेक्टिव्हपाशी.

कालचंच घ्या. लावणी अर्धी टाकून आलेला माणूस. तीन दिवस ताप, "चलाक गावना नाय, पोटरे दुखतत" म्हणाला, म्हणजे चालता येत नाही, पोटऱ्या दुखतात. सरांनी पोटरी दाबली, तो कळवळला. सरांनी काही न बोलता त्याची खालची पापणी ओढून बघितली आणि मला म्हणाले, "लेप्टोची टेस्ट लिही, डॉक्सी सुरू." (लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार, डॉक्सी म्हणजे त्यावरचं डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक.) तो कळवळला हे मी स्वतः बघितलं. ते लिहायचं का? डोळे मलाही लालसर वाटले, पण सरांना काय दिसलं ते मला कसं कळणार?

दुसरं म्हणजे, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'नॉर्मल' असं एक बटण आहे. दाबलं की छाती, पोट, सगळं नॉर्मल छापून येतं. घसा दुखतो म्हणून आलेल्याच्या कागदावर "पोट मऊ, यकृत हाताला लागत नाही"! पोटाला हातसुद्धा लावलेला नसतो. मला पटत नाही, पण रकाने रिकामे ठेवले तर नोट अर्धवट दिसते. काय करू?

रत्नागिरीचा डॉक्टर
ताई, तुम्हाला दिसलं म्हणून ऑब्जेक्टिव्हमध्ये लिहायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही. "सर, पोटरी दुखली असं लिहू? डोळे?" एवढंच विचारा. माझ्याकडच्या मुलाला मी सांगून ठेवलंय की मी मोठ्याने बोलत तपासेन, विसरलो तर टोक. सुरुवातीला मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

"पोटऱ्या दुखतात" ही त्याची तक्रार, सब्जेक्टिव्हमध्ये. "दाबल्यावर दुखते" हे तपासणीत. नोंदी दोन, आणि दोन्ही हव्यात, कारण लेप्टोच्या संशयात पोटऱ्या आणि लाल डोळे या दोन्हींना वजन असतं. चिखलात अनवाणी किती दिवस काम केलं, पायाला जखम आहे का, हे सरांनी विचारलं की उत्तरासकट लिहा.

'नाही' हे उत्तरही लिहायचं असतं. साप चावलेला आला आणि सरांनी विचारलं, पापण्या जड वाटतात का, हिरड्यांतून रक्त येतं का, तर "नाही" टिपा. तासाभराने पापणी खाली आली तर ती आता आली हे त्यावरूनच कळतं. अशा केसमध्ये वेळ घड्याळाची लिहा, "सकाळी" नको: चावला कधी, रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी लावली कधी, बघितली कधी, प्रतिविषाचा पहिला डोस कधी.

नोंदींचं मोल बघायचं तर लांब जायला नको. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग मांडला, तो रुग्णांच्या खाटेशेजारी बसून ठेवलेल्या नोंदींवरूनच.

रात्रपाळी सावंतवाडी
मी रात्री अमेरिकेतल्या दवाखान्यांसाठी ऑनलाइन हेच काम करतो. बटणाबद्दल माझं मत कडक आहे: न तपासता लिहिलेलं नॉर्मल म्हणजे खोटी नोंद. आज "छाती स्वच्छ" छापलंत, परवा तोच माणूस न्यूमोनिया घेऊन दुसरीकडे दाखल झाला, तर ग्राहक आयोगात तुमच्या सरांचाच कागद सरांविरुद्ध वाचला जाईल. जे तपासलं तेवढंच ठेवा. बाकी रकान्यात "तपासले नाही" लिहा, नाहीतर रकानाच काढून टाका.

तिकडेही हा रोग होताच. ओपीडीचं बिल किती अवयव तपासले यावरही ठरायचं, म्हणून नोटा फुगायच्या. २०२१ पासून ते बंद झालं, आता डॉक्टरने किती गुंतागुंतीचा निर्णय घेतला किंवा किती वेळ दिला हे बघतात.

तुम्ही विचारलं नाहीत तरी डोसाचं सांगतो. ०.५ लिहिताना आधीचं शून्य सोडू नका, आणि ५ च्या पुढे टिंब-शून्य लावू नका, ५० वाचलं जातं. इन्शुलिनला 'युनिट' पूर्ण लिहा, नुसता इंग्रजी यू घाईत शून्यासारखा दिसतो. ओडी म्हणजे आपल्याकडे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे तोच उजवा डोळा. पूर्ण लिहिलेलं बरं.

कुडाळची पोर
दोघांचे आभार. सरांना विचारलं. म्हणाले, "बटण काढूनच टाकायला सांग त्या सॉफ्टवेअरवाल्याला." आणि आज चक्क बोलत बोलत तपासत होते! आणखी एक शंका: नातेवाईक माझ्याच टेबलाशी येऊन "काय लिवलास तां दाखव" म्हणतात. दाखवू का?

रत्नागिरीचा डॉक्टर
तुम्ही नाही. पेशंटला किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाला नोंदी मिळण्याचा हक्क आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी आल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात, पण त्या दवाखान्याने, मागणीची नोंद ठेवून. वाड्यातला काका आला तरी "सरांशी बोला" एवढंच सांगा. कुडाळात सगळे ओळखीचेच, म्हणून जास्तच जपा.

आणि सरांच्या लॉगिनने लिहीत असाल तर आजच स्वतःचं वेगळं मागून घ्या.